चावी हरवली? आधी नंबर शोधा, मग चावीवाला

दुचाकीची चावी हरवली की पहिला विचार लॉक तोडायचा येतो. तो अगदी शेवटी ठेवावा. साध्या दुचाकीच्या लॉकमध्ये पातळ पितळी पट्ट्या स्प्रिंगवर बसवलेल्या असतात, त्यांना वेफर म्हणतात. चावीवरची प्रत्येक खाच आपापल्या वेफरला ठरलेल्या उंचीवर आणते. सगळे वेफर सिलिंडरच्या, म्हणजे लॉकच्या फिरणाऱ्या गाभ्याच्या, कडेशी सपाट झाले की सिलिंडर फिरतो. खाच कितीही खोल असू शकत नाही, खोलीच्या बहुधा तीन-चार ठरलेल्या पायऱ्याच असतात. म्हणजे चावी ही मुळात आकड्यांची एक छोटी रांग आहे, २-१-३-३-१-४ अशी. ही रांग कुठूनही हाती लागली, तर लॉकला ओरखडाही न पडता चावी पुन्हा बनते.

ती मिळण्याच्या जागा तीन: कंपनीचा चावी-नंबर, उरलेली दुसरी चावी आणि गाडीवरची कुलपं. शोधायचं ते याच क्रमानं, कारण पुढे जावं तसं काम वाढतं आणि चूक व्हायची शक्यताही.

त्याआधी गाडी सुरक्षित करा

चावी शोधताना नेहमीच्या जागा सोडून या पाहा: सीट लॉकमध्येच लटकलेली, टाकीच्या झाकणाला लागलेली, हेल्मेटच्या आत गालाच्या गादीखाली, हातमोज्याच्या बोटात, आणि जॅकेटच्या अस्तरात. शेवटची जागा हमखास राहून जाते. खिशाला छोटं भोक असेल तर चावी अस्तरात घसरून पाठीमागच्या शिवणीपर्यंत जाते, बाहेरून खिसा रिकामाच लागतो. अस्तर मुठीत धरून तळाशी चाचपून पाहावं.

लॉक फार झिजलं असेल तर चावी ‘ऑन’ स्थितीतही बाहेर येते आणि गाडी चालू असतानाच वाटेत पडते. इंजिन चालू राहतं, त्यामुळे कळतच नाही. असं झालं असेल तर इंजिन किल-स्विचनं बंद होईल, पण इग्निशन चालूच राहील आणि हेडलाईट बॅटरी संपवेल. बॅटरीची निगेटिव्ह तार किंवा मुख्य फ्यूज काढावा लागतो, आणि तोही बऱ्याचदा कुलूपबंद सीटखालीच असतो! अशा गाडीला नुसती नवी चावी करून भागत नाही, लॉकच बदलायला झालेलं असतं.

चावी गाडीजवळच पडली असेल, तर ज्याला सापडेल त्याला गाडीही समोरच दिसते. चावी मिळेपर्यंत गाडी हलवा, निदान चाकाला डिस्क लॉक किंवा साखळी लावा. हँडल लॉक केलेलं असेल तर ढकलता येणार नाही. पुढचं चाक चाकं लावलेल्या फळीवर चढवून गाडी सरकवता येते किंवा टेम्पोत उचलून टाकता येते. दोघा-तिघांनी हँडलला झटके देऊन लॉक तोडायचा प्रकार मात्र करू नका. लॉकची जीभ आत तुटून राहते आणि तो तुकडा नंतर चालत्या गाडीत हँडल अडवू शकतो.

नंबर

नव्या गाडीबरोबर बहुधा दोन चाव्या आणि एक छोटी धातूची किंवा प्लास्टिकची पट्टी मिळते. पट्टीवर चार-पाच अक्षरं-आकडे ठोकलेले असतात. चाव्यांच्या जुडग्यातली ही सगळ्यात बिनकामाची वस्तू वाटते आणि बहुतेकांनी ती पहिल्याच आठवड्यात फेकलेली असते. हा नंबर म्हणजे प्रत्यक्ष खोल्या नव्हेत, तो कंपनीच्या यादीतला क्रमांक असतो. चावीवाल्याकडे त्या मालिकेची यादी किंवा सॉफ्टवेअर असेल तर नंबरावरून खोल्या कळतात आणि कोऱ्या चावीवर थेट कापता येतात.

पट्टी नसेल तर आणखी चार ठिकाणं आहेत. माहिती-पुस्तिकेत बहुधा नंबर लिहायला जागा असते, कधी विक्रेत्यानं तिथे तो भरलेला असतो. काही चाव्यांच्या डोक्यावरच नंबर कोरलेला असतो, मग चावीचा जुना फोटोही उपयोगी पडतो. काही मॉडेलांत सीट लॉक किंवा हेल्मेट लॉकच्या अंगावर नंबर असतो, तो लॉक काढल्याशिवाय दिसत नाही. आणि काही कंपन्या चॅसी नंबरावरून चावी मागवून देतात. त्यासाठी नोंदणीची कागदपत्रं आणि ओळखपत्र लागतं. जो विक्रेता हे न विचारता चॅसी नंबरावर चावी देतो, तो दुसऱ्या कुणालाही तुमची चावी देईल. गाडी जुन्या बाजारातून घेतली असेल तर पहिल्या मालकाला पट्टीबद्दल विचारायला लाजू नका, घरातल्या ड्रॉवरमध्ये ती वर्षानुवर्षं पडून असते.

नंबरावरून कापलेल्या चावीचा मोठा फायदा म्हणजे ती मूळ मापाची असते, झिजलेली नसते. पहिले काही दिवस ती जुन्या लॉकमध्ये थोडी घट्ट वाटू शकते. लॉक जुन्या झिजलेल्या चावीबरोबर सरावलेलं असतं, एवढंच. दोष चावीत नाही.

दुसऱ्या चावीवरून

एक चावी हातात असेल तर काम सोपं. डुप्लिकेट मशीनमध्ये एका बाजूला जुनी चावी आणि दुसऱ्या बाजूला कोरी चावी, म्हणजे ब्लँक, बसवतात. एक टोक जुन्या चावीच्या कडेवरून फिरतं आणि कटर तीच रेघ ब्लँकवर कापतो. गडबड होते ती तीन गोष्टींत.

पहिली, ब्लँक. पात्यावरची उभी खोबण डावीकडे आहे की उजवीकडे, पातं किती लांब आहे, हे तंतोतंत जुळलं पाहिजे. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांच्या चाव्या समोरून सारख्या दिसतात, पण खोबण उलट बाजूला असते. कापायच्या आधी कोरी चावी लॉकच्या फटीत घालून पाहावी. कोरी जाईल तरच कापलेली जाईल.

दुसरी, मशीनमधली बैठक. दोन्ही चाव्यांचा खांदा, म्हणजे पातं डोक्याला मिळतं तिथली कड, एका रेषेत नसेल तर सगळ्या खाचा एकदम सरकतात. खोलीच्या दोन पायऱ्यांमधलं अंतर मिलिमीटरपेक्षाही कमी असतं, त्यामुळे ०.२ मिलिमीटरची चूकही चावी अडकायला पुरते. ‘थोडी हलवून फिरवा, बसेल’ असं कुणी म्हणालं तर चावी परत द्या. हलवून फिरणारी चावी रोज थोडे वेफर खाते आणि एक दिवस आतच पिळून तुटते.

तिसरी, झीज. मशीन झिजलेली चावी झिजलेलीच उतरवतं आणि त्यात स्वतःची थोडी चूक मिसळतं. नकलेची नक्कल काढली की दोन पिढ्यांच्या चुका एकत्र होतात. म्हणून नक्कल नेहमी कमी वापरलेल्या मूळ चावीवरून काढावी. रोजची चावी वर्षानुवर्षं वापरलेली असेल आणि नंबर हातात असेल, तर समोर चावी असूनही नंबरावरूनच कापून घ्यावी.

कापल्यावर कडांवर बारीक कणी राहतात. नखानं कड चाचपली की लागतात. बारीक कानस किंवा पितळी ब्रश फिरवल्याशिवाय चावी लॉकमध्ये घालू नका, कणी आत गळून वेफर अडकवतात.

बऱ्याच स्कूटरना इग्निशनच्या फटीवर चुंबकी शटर, म्हणजे फट झाकणारं झाकण, असतं. ते उघडायला चावीच्या डोक्यातल्या चुंबकाचा उपयोग होतो. साध्या ब्लँकला तो भाग नसतो. चावी उत्तम कापली जाते, पण शटर कुणी बंद केलं की ती हातात धरून बसावं लागतं. ब्लँक घेतानाच शटरचा भाग आहे का ते पाहा. तो भागही प्रत्येक गाडीचा वेगळा असतो, कुठलाही चालत नाही.

चावीही नाही, नंबरही नाही

मग माहिती कुलपात आहे. चावीवाला दोन पद्धतींनी ती काढतो. एकात तो कोरी चावी आत घालून हलकेच पीळ देतो, वेफर टेकतात तिथे पितळेवर बारीक ठसे उमटतात, आणि त्या जागी तो कानस मारत जातो. डोळा आणि हात दोन्ही तयार लागतात, घाई केली की ब्लँक वाया. दुसऱ्या पद्धतीत लॉक काढून सिलिंडर बाहेर घेतात आणि वेफरांच्या उंची मोजतात. बऱ्याच वेफरांवर १, २, ३, ४ असे आकडे ठोकलेलेच असतात.

इग्निशन लॉक काढायला सगळ्यात अवघड, म्हणून आधी सीट लॉक किंवा हेल्मेट लॉक बघतात. सीट लॉक बहुधा मागच्या बाजूच्या पॅनेलआड यू आकाराच्या पत्र्याच्या क्लिपनं धरलेलं असतं. पॅनेलचे स्क्रू सीटखाली असतील तर अडचण होते, पण मडगार्डच्या आतून हात घालून काही गाड्यांत क्लिप ओढता येते. टाकीच्या झाकणाकडे लोक आधी वळतात कारण ते समोर दिसतं. तिथे फसायला होतं. कड्याभोवतीचे काही स्क्रू नुसते शोभेचे असतात आणि खरा एखादा झाकण उघडल्यावरच हाती लागतो.

इथली एक खोच माहीत असू द्या. काही गाड्यांत सीट लॉकमध्ये इग्निशनपेक्षा कमी वेफर असतात. त्यावरून केलेली चावी सीट उघडेल, टाकी उघडेल, पण इग्निशन फिरवणार नाही. चावी चुकली असं समजून ती टाकू नका. एखाद-दोन जागांच्या खोल्याच उरलेल्या असतात आणि तीन-चारच पायऱ्या असल्यामुळे चावीवाला त्या क्रमानं कापून शोधू शकतो. कापायचं ते नेहमी उथळ खाचेपासून, कारण खोल गेलेली खाच परत भरता येत नाही.

लॉकच्या आतलं स्वतः उघडायचं असेल तर हात आणि लॉक दोन्ही पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून उघडा. वेफरखालच्या स्प्रिंगा तांदळाच्या दाण्याएवढ्या असतात, उडाल्या की सापडत नाहीत. वेफर ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं चिकटपट्टीवर लावून ठेवा.

इमोबिलायझर असेल तर

डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चित्र असलेला दिवा असेल, तर गाडीत इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा, आणि चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात चिप आहे असं धरून चला. चिपला बॅटरी नसते. इग्निशनभोवतीच्या तारेच्या कड्यातून तिला ऊर्जा मिळते आणि ती आपला क्रमांक सांगते. क्रमांक ओळखीचा नसेल तर इंजिन चालू होत नाही. नवी चावी लॉक फिरवते पण इंजिन लागत नाही आणि दिवा लुकलुकतो, तर खाचा बरोबर आहेत, चिपची नोंद राहिली आहे.

इथे सगळा खेळ एक तरी नोंदलेली चावी उरली आहे का, यावर आहे. होंडाच्या एचआयएसएस या इमोबिलायझर प्रणालीत ४ चाव्या नोंदवता येतात, पण नव्या नोंदीसाठी आधीची एक लागते. नोंदणी सुरू केली की समोर नसलेल्या चाव्या रद्द होतात, म्हणून सर्व्हिस सेंटरला जाताना घरातल्या सगळ्या चाव्या न्या. चावी चोरीला गेली असेल तर हेच उपयोगाचं ठरतं, तिची चिप बाद होते. यामाहाच्या इमोबिलायझर असलेल्या अनेक मॉडेलांत एक लाल डोक्याची आणि दोन काळ्या चाव्या मिळतात. लाल चावी फक्त नव्या चाव्या नोंदवण्यासाठी असते, रोज वापरायची नसते. ती हरवली तरी काळ्या चाव्यांवर गाडी चालते, म्हणून लोक निर्धास्त राहतात आणि काळ्याही हरवल्यावर ताप होतो. तेव्हा अधिकृत मार्ग म्हणजे ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) आणि लॉक असे महागडे भाग बदलणं. ईसीयूची मेमरी वाचून नवी चिप लिहून देणारे तज्ज्ञही असतात. गाडी त्यांच्याकडे देण्याआधी त्यांनी तुमच्याच मॉडेलचं काम केलंय का, हे विचारा.

काही चिपांची हुबेहूब नक्कल करता येते. ती गाडीत नोंदवावी लागत नाही, कारण गाडीला ती जुनीच चावी वाटते. त्याच कारणानं हरवलेली मूळ चिप बाद केली की नक्कलही बाद होते.

टाकी आणि सीट उघडण्यापुरती बिनचिपची साधी चावी मात्र जरूर कापून ठेवावी.

स्मार्ट की, म्हणजे चावीऐवजी खिशात ठेवायचा रिमोट, असलेल्या बऱ्याच गाड्यांबरोबर ओळख-क्रमांकाची वेगळी पट्टी किंवा कार्ड येतं. रिमोट हरवला किंवा बिघडला तर काही मॉडेलांत तो क्रमांक ठरावीक पद्धतीनं भरून गाडी चालू करता येते. पुस्तिकेत ती पानं आधीच वाचून ठेवा. आणि ‘हरवला’ म्हणण्याआधी रिमोटची बॅटरी बदलून पाहा, पुष्कळ रिमोटांत सीआर२०३२ बसते.

लॉक सेट बदलायचाच असेल

सेटमध्ये सहसा इग्निशन लॉक, टाकीचं झाकण आणि सीट लॉक येतं. मॉडेलचं नाव सारखं असलं तरी वर्षागणिक कनेक्टरच्या पिना बदलतात, म्हणून जुना कनेक्टर मोजून मगच सेट घ्या. इग्निशन लॉकचे बोल्ट बहुधा डोकं तुटणारे असतात: बसवताना घट्ट केले की डोकं गळून पडतं आणि गुळगुळीत गोळा उरतो. तो काढायला मध्यभागी पंच मारून भोक पाडतात किंवा छिन्नीनं कडेला खाच करून हळूहळू उलटा फिरवतात. जुने बोल्ट परत वापरू नका. बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून तार ताणली जात नाही ना, ते बघा.

एकच लॉक खराब असेल तर एकच बदला आणि त्याचे वेफर जुन्या चावीप्रमाणे लावून घ्या. सिलिंडर बाहेर निघणारं असेल तर चावीवाल्याला हे सहज जमतं, फक्त कुणी विचारत नाही. दोन चाव्यांचा जुडगा बाळगायची गरज उरत नाही.

नवी चावी तपासायचा क्रम

आधी टाकी, मग सीट, मग इग्निशन, आणि हँडल लॉक सगळ्यात शेवटी. सीट आणि झाकण बंद करण्याआधी उघड्या स्थितीतच चावी दहा-बारा वेळा फिरवून बघा. हँडल लॉक शेवटी, कारण लॉक लागलं आणि चावी परत फिरली नाही, तर दुकानासमोरच गाडी अडकते. चावी कुठेही जोर न लावता आत जायला, फिरायला आणि बाहेर यायला हवी.

चावी आत तुटली असेल तर दुसरा तुकडा मागून ढकलू नका आणि गोंद लावायचा विचारही करू नका, वेफर कायमचे चिकटतात. सिलिंडर ‘ऑफ’वर असेल तरच तुकडा सरळ निघतो. बारीक करवतीचं पातं, दात बाहेरच्या दिशेनं ठेवून, खाचांच्या बाजूनं सरकवायचं आणि ओढायचं. दोन्ही तुकडे जपून ठेवा, ते जोडून धरले की खोल्या वाचता येतात.

पुन्हा हरवू नये म्हणून

आज दोन चाव्या आहेत तर नंबर लिहून ठेवा. चावी-नंबर ज्याच्या हाती पडेल त्याला चावी कापून घेता येते, म्हणून तो गाडीच्या नंबरप्लेटशेजारी किंवा चावीच्या जुडग्याला नको. चावीचा स्पष्ट फोटोही कुठे टाकू नये, खाचांच्या खोल्या फोटोवरून वाचता येतात. नवी गाडी घेतल्याचे चाव्या हातात धरलेले फोटो पाहिले की हे हटकून आठवतं.

दुसरी चावी सीटखाली ठेवणारे लोक आहेत. सीट उघडायला चावी लागते, हे त्यांच्या लक्षात यायला चावी हरवावी लागते. ती घरी एका ठरलेल्या जागी, आणि लांबच्या प्रवासात सोबत्याकडे द्यावी. चिप असेल तर दोन्ही चाव्या एकाच कडीत अडकवू नका, शेजारची चिप वाचनात अडथळा आणते. लाल चावीही इग्निशनपासून लांबच बरी. आणि महिन्या-दोन महिन्यांनी दुसऱ्या चावीनं गाडी चालू करून बघावी, म्हणजे ती कुठे आहे आणि चालते का, दोन्ही कळतं.

घर, कपाट, ऑफिस यांच्या चाव्यांचा घोस गाडीच्या चावीला नको. हादऱ्यानं तो सतत झुलतो, लॉक खातो आणि टाकीवर ओरखडे काढतो. गाडीची चावी एकटी, सोबत कापडाची भडक रंगाची पट्टी. केशरी किंवा पिवळी पट्टी गवतातही चटकन दिसते, आणि खिशातून लोंबली तर चावी पडण्याआधी लक्षात येते. कडी जाड पोलादी तारेची, पूर्ण दोन वेढ्यांची घ्या. तारेची टोकं सुटून मध्ये फट दिसायला लागली की बदला. खटक्याचे हूक चेनच्या कडेला घासून आपोआप उघडतात, त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. मानेत अडकवायची दोरी लावलेली चावी इग्निशनमध्ये ठेवून गाडी चालवू नका, दोरी हँडलभोवती गुंतते.

ब्लूटूथ टॅग चालेल, पण तो चावी सांभाळत नाही, फक्त शेवटची जागा सांगतो. जवळून शोधायला त्याचा आवाज कामाला येतो. लांब असेल तर आसपास दुसऱ्या कुणाचा फोन गेला तरच ठिकाण कळतं, रानात पडली तर नाही. बॅटरी साधारण वर्षभरानं बदलावी लागते, ती तारीख फोनमध्ये टाका.

सवयीचा भाग थोडकाच: खिसा एकच आणि चेनवाला. गाडी बंद, चावी काढली, खिशात, चेन लावली, मग हेल्मेट काढायचं. हातमोजे काढताना चावी हातात असेल तर ती पडते आणि जाड मोज्यात कळतही नाही. टाकी भरताना चावी झाकणात राहते, म्हणून झाकण लागेपर्यंत दुसऱ्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही.

लॉकला वंगण कोरडंच हवं, ग्रॅफाइटची भुकटी किंवा टेफ्लॉनचा स्प्रे. घट्ट ग्रीस धूळ धरून ठेवतं. पातळ स्प्रेनं मळ धुवायला हरकत नाही, पण वाळू द्या आणि मग कोरडं वंगण घाला. ग्रॅफाइट आणि तेल एकत्र केलं की आत काळा चिखल होतो, आणि अशा लॉकमध्ये चावी अडखळायला लागली की ती तुटायला फार दिवस लागत नाहीत.